मैत्रीला पत्ता लागतो

(तरुणांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय 'शेजार आणि आपण' असा आहे. विषय मोठा आहे. मी त्यातली एकच गोष्ट सांगणार आहे, माझ्या एका मैत्रिणीची. ही गोष्ट मी याआधी दोन कार्यक्रमांत सांगितली. दोन्ही वेळा टाळ्या मिळाल्या, आणि दोन्ही वेळा मी ती अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी आज सांगते.

आम्ही मूळचे कराडकडचे. घरात दखनी, दारात मराठी. अब्बा टर्नर होते, लेथवर काम करायचे. कुर्ल्याला एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं राहायचो. अब्बांना अंबरनाथच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं आणि मे 1991 मध्ये आम्ही अंबरनाथ पूर्वेला, कानसई भागात राहायला आलो. मी नऊ वर्षांची होते. तीन मजल्यांची बिल्डिंग, तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या, आणि घरातच मोरी. अम्मी पहिल्या दिवशी त्या मोरीतच जास्त वेळ उभी होती. कुर्ल्यात पहाटे चारला उठून नळावर रांग लावलेल्या बाईला त्याचं काय वाटलं असेल, ते मला फार उशिरा कळलं.

ज्यांनी अंबरनाथ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रेल्वेलाइनने गावाचे दोन भाग केलेत. पश्चिमेला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि काडेपेटीचा जुना कारखाना, पूर्वेला एमआयडीसी आणि वालधुनी नदीच्या काठावरचं शिवमंदिर. मंदिर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. नदीत कारखान्यांचं पाणी सोडलेलं असायचं, आज पाण्याचा रंग कोणता यावर आम्ही मुलं पैज लावायचो. नऊशे वर्षांपूर्वीचं मंदिर आणि रोज रंग बदलणारी नदी शेजारीशेजारी असतात, हे जगात सगळीकडेच असतं अशी माझी समजूत होती.

पहिले आठ दिवस मी पायरीवर बसून काढले. नव्या वस्तीत आलेल्या मुलाला खेळात घेत नाहीत, आधी नुसतं बघू देतात. नवव्या दिवशी वरच्या मजल्यावरची एक मुलगी खाली आली, माझ्यासमोर फरशीवर बसली आणि सागरगोटे टाकले. नाव विचारलं नाही. "येतात का?" एवढंच विचारलं. मला येत नव्हते. तिने शिकवले.

तिचं खरं नाव मी इथे घेत नाही, ती आजही याच लाइनवर लोकलने जाते-येते. बिल्डिंगमध्ये तिला सगळे चिमणी म्हणायचे, तेच म्हणते. मला सगळे मुन्नी म्हणायचे. चिमणीमुळे मग बाकीच्या मिळाल्या. आम्ही पाच जणी झालो. लंगडी, लगोरी, डबा ऐसपैस. शाळा मराठी, एकच, एकाच वर्गात दोघी. अब्बांचा हट्ट होता की मुलं मराठीतच शिकणार. त्यावर घरात आजी रोज एकदा तरी नाराज व्हायची.

महाशिवरात्रीला मंदिराची मोठी जत्रा भरते. गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. त्या पायऱ्या किती यावर आमचं भांडण होतं, म्हणून आम्ही पाची जणी मोजायला गेलो. गर्दीत रेटारेटीत उतरलो, वर आलो, आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा. घरी आजीने विचारलं, "अंदर गई थी क्या?" मी म्हटलं, "सीढियाँ गिनने." आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कितनी थीं?"

पण मला जास्त आठवतो तो भोंडला. तुमच्यातल्या काही जणींना माहीत असेल. नवरात्रात मुली पाटावर हत्तीचं चित्र काढून त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत असते. खिरापत ज्या घरची असते त्या घराने डबा झाकून आणायचा, बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. गोड की तिखट, ओलं की कोरडं, डबा हलवून आवाज कसा येतो. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी मी सांगून टाकलं, उद्या खिरापत आमच्याकडची. अम्मीला विचारलंच नव्हतं. अम्मी घाबरली. तिला वाटलं, कुणी खाल्लं नाही तर पोरगी रडेल. तिने मलिदा केला. चपात्या कुस्करून, गूळ-तूप घालून. आमच्याकडे फातेहाला करतात तोच. मुलींनी करंजी म्हणून पाहिलं, शंकरपाळे म्हणून पाहिलं, सगळं जग संपलं तरी ओळखता येईना. मी खुशीत. झाकण उघडलं. चिमणीने बोट घालून चाखलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं, हा तर पोळीचा लाडू! वळायचा राहिलाय नुसता!"

सगळ्यांनी मिळून तो हाताने वळला आणि खाल्ला. दुसऱ्या वर्षी खिरापत मागायला मुली स्वतःहून अम्मीकडे आल्या. न वळलेला लाडू हवा म्हणाल्या.

नंतर मी शिकले, बी.एड. केलं, तेव्हा गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. 1954 च्या त्याच्या पुस्तकात त्याने म्हटलंय की वेगवेगळ्या समूहांतली माणसं नुसती एकमेकांजवळ आली म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचं नातं लागतं, दोघांचं मिळून काहीतरी काम लागतं, आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. मला लगेच तो डबा आठवला. एकतेच्या नावाने आपण जे कार्यक्रम करतो, त्यात एक जण मंचावर बोलतो आणि दुसरा खुर्चीत बसून मान डोलावतो. त्यात लाडू वळायचा कुणी?

आता 1992. सहा डिसेंबरला रविवार होता. तारखा तुम्ही पुस्तकात वाचल्यात. डिसेंबर आणि जानेवारीतल्या मुंबईच्या दंगलीत 900 माणसं मेल्याचं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं आहे. मी सांगते ते आमच्या बिल्डिंगपुरतं. आमच्या बिल्डिंगमध्ये काहीही झालं नाही. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आधीच्या दोन्ही भाषणांत हे वाक्य मी गाळलं होतं.

झालं ते असं. जानेवारीत कुर्ल्याहून मामा, मामी आणि त्यांची मुलं दोन बॅगा घेऊन आली. दोन खोल्यांत अकरा माणसं. मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि आम्ही जवळ गेलो की थांबायची. एका रात्री अब्बांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दारावरची नावाची पाटी काढली. पितळेची होती, त्यांनीच वर्कशॉपमध्ये कोरून घेतलेली. फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. सकाळी चिमणी शाळेला हाक मारायला आली आणि म्हणाली, "पाटी कुठे गेली?"

मी म्हटलं, "रंगवायला दिलीय."

पितळेची पाटी कोण रंगवतं? तिच्या लक्षात आलं असणार. ती काही बोलली नाही. तोपर्यंत आमच्यात खोटं बोलण्यासारखं काही नव्हतंच.

मामांनी मुंब्र्याला खोली घेतली. त्या वर्षी आणि त्यानंतर खूप कुटुंबं मुंब्र्याला गेली. कुणी घर जळालं म्हणून, कुणी ते जळेल या भीतीने. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं. अब्बा सांगायचे, "आपल्या लोकांत निदान रात्री झोप लागेल." त्यांना मी दोष देत नाही. तीन मुलं आणि म्हातारी आई असलेल्या माणसाने रात्रीच्या झोपेची किंमत काय लावायची, ते बाहेरून कुणी सांगू नये. मे 1993 मध्ये पाचवीचा निकाल लागला, अब्बांनी शाळेतून दाखला काढला आणि टेम्पो आला. बिल्डिंगमधल्या बायका अम्मीला भेटायला आल्या. "कशाला जाताय?" असं सगळ्यांनी विचारलं. "जाऊ नका" असं म्हणाल्या की नाही ते मला आठवत नाही. अम्मीला विचारलं तर तीही म्हणते, आठवत नाही.

चिमणीने माझ्या वहीच्या मागच्या पानावर तिचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट. 421501. मी तिला माझा दिला. 400612. दोन्ही आकडे अजून पाठ आहेत, स्वतःच्या गाडीचा नंबर मात्र मला बघून सांगावा लागतो.

अंबरनाथ आणि मुंब्रा यांच्यात अंतर किती? वीसेक किलोमीटर. एकच रेल्वेलाइन. स्लो लोकल पकडली तर गाडी बदलावीही लागत नाही. हे लक्षात ठेवा, कारण मैत्री लांब गेल्यामुळे तुटते असं आपण म्हणतो.

मुंब्र्याविषयी एक सांगायला हवं. बाहेरचे लोक त्या नावावरून जे समजतात तसं ते नाही, आणि आतले लोक समजतात तसा किल्लाही नाही. तिथे मला छान मैत्रिणी मिळाल्या. उर्दू वाचायला शिकवलं ते त्यांनी. पण सुरुवातीला मी परत पायरीवर होते. माझी हिंदी दखनी, त्यात मराठी शब्द. 'पिशवी' म्हटलं की हशा. मला 'घाटन' म्हणायच्या. मजा बघा, अंबरनाथमध्ये दोन वर्षं मी मुसलमान आहे हे कुणी मला चिडवून दाखवलं नव्हतं, आणि इथे येऊन मी मराठी ठरले.

त्या मुलींमध्ये एक कुर्ल्याची, एक गोवंडीची, एक भायखळ्याची. सगळ्या एक-दोन वर्षांत आलेल्या. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या जिन्यात बसलेल्या आम्हा प्रत्येकीची एक चिमणी कुठेतरी राहिली होती. एकीनेही तिचं नाव काढलं नाही. आम्ही सिनेमाबद्दल बोलायचो, मेंदीबद्दल बोलायचो. जुन्या घराची गोष्ट निघाली की 'वहाँ का माहौल खराब था' एवढ्यावर संपायची. घरी मोठ्यांचं ऐकून आलेलं वाक्य. मीही ते म्हणायला लागले. कानसईतल्या त्या बिल्डिंगबद्दल.

चिमणीची पोस्टकार्डं येत होती. महिन्याला एक, मग दोन महिन्यांना एक. मी उत्तर द्यायचे. 1995 च्या रमजान ईदच्या आधी मी लिहिलं, ईदला ये. सगळ्याच कार्डांत लिहायचे तसं. ती खरंच आली. ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, तिच्या बाबांबरोबर. सातवीतली मुलगी, परकर-पोलकं घातलेलं, दोन वेण्या, कपाळावर टिकली, हातात चकल्यांचा डबा. डबा हलवून दाखवत जिना चढत होती. ओळख म्हणून.

मी जिन्यातच बसले होते, नव्या मैत्रिणींबरोबर, नव्या कपड्यांत. एकीने विचारलं, "ये कौन है?"

मी म्हटलं, "कोई नहीं. अब्बा के पहचानवाले हैं."

चिमणी चार पायऱ्या खाली होती. हिंदी तिला येत होतं.

ती घरात आली. शीरखुर्मा प्यायली. अम्मीने जवळ घेतलं तेव्हा हसली. माझ्याशी शाळेबद्दल बोलली. पाच वाजता दोघं गेली, मी स्टेशनपर्यंत पोचवायला गेले नाही. त्यानंतर कार्ड आलं नाही. मीही लिहिलं नाही.

तर ही उरलेली अर्धी गोष्ट. मी दोन सभांमध्ये सांगितलं होतं की दंगलीने माझी मैत्रीण हिरावून घेतली. दंगलीने माझा पत्ता बदलला. पुढचं काम मी केलं, बारा-तेरा वर्षांची असताना, पाच-सहा शब्दांत. का केलं तेही सांगते. त्या पायरीवरून मला पुन्हा एकटीला बसायचं नव्हतं. तुम्ही म्हणाल, लहान होतीस. होते. पण नंतरची पंचवीस वर्षं लहान नव्हते, आणि लोकल तर दर थोड्या वेळाने होती.

आपल्या चळवळीत आपल्यावर झालेलं सांगायची सवय लागते. ते सांगायलाच हवं. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे की सुरक्षिततेच्या भीतीने मुसलमान एकेका वस्तीत गोळा होतायत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना घर भाड्याने किंवा विकत मिळत नाही. ते खरं आहे, त्याचा अनुभव पुढे सांगतेच. पण आपलं दुःख सांगताना आपल्या हातून झालेलं त्यात हळूच मिसळून टाकता येतं, आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. मी तसं केलं.

आता मी बदलापूरच्या एका शाळेत शिकवते. मुंब्र्याहून रोजचं जाणं-येणं झेपेना म्हणून गेल्या वर्षी आम्ही अंबरनाथ पूर्वेला भाड्याने घर बघायला लागलो. पहिल्या एजंटने फोनवर सगळं ठरवलं. शेवटी म्हणाला, "मॅडम, नाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "मालकांशी बोलून कळवतो." ते मालक अजून बोलतायत. दुसऱ्याने निदान तोंडावर सांगितलं, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे. तिसऱ्याने दाखवलेल्या घराच्या मालकाने फक्त दोन प्रश्न विचारले, डिपॉझिट कधी देणार आणि भिंतीला खिळे किती ठोकणार. आमचा भाऊ अजून म्हणतो, चूक केलीत. त्याच्याशी मी वाद घालत नाही. तो चुकत नसेलही.

पहिल्या रविवारी मी जुन्या बिल्डिंगमध्ये गेले. प्लास्टर नवीन, जिना तोच. चिमणीच्या आईने दार उघडलं. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी नाव सांगितलं, त्यांना कळेना. मग म्हटलं, खिरापत. "मुन्नी का गं तू?" असं म्हणून त्यांनी आधी माझे हात बघितले, हातांवरून ओळखणार असल्यासारखे. चहा झाला. काका गेले, 2011 मध्ये. मी सगळा धीर एकवटून ईदच्या दिवसाचं विचारलं. चिमणी काही बोलली होती का? काकूंनी आठवून पाहिलं. म्हणाल्या, "गाडीत गप्प होती, असं हे म्हणाले होते. आणि घरी आल्यावर म्हणाली, तिला आता खूप मैत्रिणी आहेत. चांगलं झालं." 'चांगलं झालं' हे चिमणीचं होतं की काकूंचं, ते मी विचारलं नाही.

त्यांनी नंबर दिला. मी फोन केला. चार मिनिटं बोललो. तिचा मुलगा बारावीत आहे, माझी मुलगी पाचवीत. पाण्याचा प्रॉब्लेम कानसईत अजून आहे का, ते तिने विचारलं. माफीचं मी मनात जुळवून ठेवलं होतं, ते बोलायला जागाच मिळाली नाही. भेटू म्हणालो. अजून भेटलो नाही. सिनेमात असते तशी भेट मी तुम्हाला सांगू शकले असते, आणि मग ते माझं तिसरं अर्धं भाषण झालं असतं.

घरातली गोष्ट मात्र चालू आहे. माझ्या मुलीला मुंब्रा सोडायचं नव्हतं. तिच्या तिथे तीन मैत्रिणी, नर्सरीपासूनच्या. सामान बांधताना ती मला म्हणाली, "तुला तुझी मैत्रीण शोधायचीय म्हणून मी माझ्या का सोडायच्या?" मी बदलीचं, ट्रेनचं, माझ्या पाठदुखीचं सांगितलं. सगळं खरं होतं. अब्बांनीही मला सगळं खरंच सांगितलं होतं.

तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलंय. महिन्यातून दोन रविवार मुंब्र्याच्या मुली इकडे किंवा ही तिकडे. आणायला-सोडायला मी जाते, कंटाळा आला तरी. पहिल्या महिन्यात तिला खाली कुणी खेळायला घेतलं नाही. मी गॅलरीतून बघायचे आणि खाली जायची इच्छा दाबायचे. मग तळमजल्यावरच्या एका मुलीची सायकल पंक्चर झाली, पुढचं मला नीट माहीत नाही, पण आता दोघी एकाच सायकलवर असतात. परवाच्या रविवारी मुंब्र्याच्या तिघी आल्या होत्या. त्या आणि तळमजल्यावरची, सगळ्या मिळून गच्चीवर गेल्या. वर काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. खाली येताना दोघी बोलत नव्हत्या आणि तिघी हसत होत्या, आणि संध्याकाळपर्यंत कोण कोणाशी बोलत नाही ते दोनदा बदललं होतं.

करार अकरा महिन्यांचा आहे, त्यातले चार झाले. अब्बांची ती पितळेची पाटी अम्मीने मला दिलीय. अजून लावलेली नाही. भाड्याच्या घराला कशाला, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगतो. शिवाय खिळ्यांचं मालकांनी विचारलंच होतं.